ओराबाईचा निकाल

"थांब. तो आपनहून गेला का त्याला पाठवला?"

गीताबाईंनी हातातली भेंडी तशीच धरून ठेवली होती. टेबलाभोवतीच्या बाकीच्या बायकांचे हातही थांबले.

"पाठवला," स्नेहल पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली. "एमेट मुकादमानं. नदीत ओंडक्यांची कोंडी झालीय, बर्फ अजून पुरतं सुटलेलं नाही, आणि तो म्हणतो आत्ताच्या आत्ता जाऊन फोडा."

"ओल्या लाकडावर उभं राहून?" चिमीने विचारलं. ती डोंगरातल्या वाडीवरची. लाकूड तिला कळत होतं.

"हो. हातात नुसता लोखंडी आकडा."

"मंग मेला तो," चिमी म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

स्नेहलने पान उलटलं. चिमीचं खरं निघालं. ओराचा नवरा दोन ओंडक्यांच्या मधून खाली गेला आणि ओंडके त्याच्या डोक्यावर दार लावावं तसे मिटले. ओरा त्या वेळी कॅम्पाच्या स्वयंपाकघरात साठ माणसांचे पाव भाजत होती. तिला सांगायला कुणी जाईना. शेवटी एमेट स्वतः आला, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, बाई, पाव करपतायत.

"असं म्हनला?" सारिकाने विचारलं.

"असंच लिहिलंय."

"टोपली," गीताबाई म्हणाल्या. "एमेट्या टोपलीत."

कुणीच हरकत घेतली नाही.

शहापूरहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला साईनाथ शेठची पत्र्याची शेड आहे. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या शेतांवरची भेंडी दुपारी तिथे येते आणि संध्याकाळी विमानतळाकडे जाते. मधल्या वेळात बायका ती निवडतात. सरळ, कोवळी, बोटाएवढी आणि डाग नसलेली भेंडी ती विमानाची, परदेशी जाणारी. जराशी वाकडी किंवा लांब झालेली वाशीच्या बाजाराची. जून, किडकी, पिचकी ती टोपलीची. ती जनावरांना जाते. शेडमध्ये 'विमान', 'वाशी' आणि 'टोपली' हे तीनच शब्द दिवसभर ऐकू येतात. त्याला जोडून एक नियम आहे. एखादी भेंडी कुठे टाकायची हे कळलं नाही तर आपण ठरवायचं नाही, ती टेबलाच्या मधोमध सरकवायची. समोर बसलेली बाई ठरवणार, आणि तिने ठरवलं की वाद घालायचा नाही.

स्नेहल हंगामापुरती कामाला लागली होती. सकाळी शहापूरला कॉलेज, बारानंतर शेडच्या टेंपोने इकडे. तिचा हात मंद होता. पहिल्याच आठवड्यात शेठने दोनदा तिच्या क्रेटकडे पाहून 'हं' केलं होतं. मराठी साहित्याच्या तिसऱ्या वर्षाला भाषांतरित कादंबरीचा एक पेपर असतो. त्याला जुनी, जाडजूड अमेरिकन कादंबरी लागली होती, लाकूडतोड्यांच्या कॅम्पची. एका दुपारी चहाच्या सुट्टीत ती तोंडाशी पुटपुटत वाचत बसली होती, तेव्हा सारिकाने म्हटलं, "मोठ्यानं वाच की गो, आमी काय भिंती हाव?" चहा संपला आणि गोष्ट अशा जागी आली होती की कुणी उठेना. गीताबाईंनीच तोड काढली. "तू वाच. तुझी भेंडी आमी काढतो."

तसं सुरू झालं. स्नेहलचे क्रेट सगळ्या वाटून घेत. शेठने दोन दिवस लक्ष ठेवलं. बडबड बंद झाल्यामुळे माल उलट लवकर निघतोय हे दिसल्यावर त्याने स्वतःच एक प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. आता तोही वजनकाट्यापाशी कामाशिवाय रेंगाळायला लागला होता.

स्नेहलच्या वाटणीचे सगळ्यात जास्त क्रेट ओढायची ती रंभा. ती समोरच बसायची. वैशाखऱ्याच्या अलीकडच्या गावातून यायची. पंचेचाळिशीची, बोलायला कमी, हाताला वेगवान. स्नेहल तिला मामी म्हणायची, कारण रंभाचा नवरा कुंडलिक हा स्नेहलच्या आईचा धाकटा भाऊ.

कागदावरचं आणि घरातलं नातं ते. शेडमधल्या प्रत्येकीला दुसरंही माहीत होतं. स्नेहल रंभाच्या पोटची होती.

रंभाला दोन मुलगे आणि त्यांच्या पाठीवर ही. खर्डीला दिलेल्या नणंदेला, अनिताला, मूल होत नव्हतं. सासूने एका संध्याकाळी विषय काढला आणि दुसऱ्या सकाळी तो ठरलेला होता. रंभाने स्वतःच्या हाताने पोर अनिताच्या पदरात घातली. दाराशी अनिता घुटमळली. तिला काहीतरी बोलायचं होतं. शेवटी म्हणाली, "वहिनी, राग मानू नका. ती रुळेपर्यंत तुमी आमच्याकडं येऊ नका. तुमाला बघितलं तर ती माझी नाय व्हायची." रंभा हो म्हणाली. ते तिला पटलंही होतं. दुसऱ्या गायीला लावलेल्या वासराचंही तसंच असतं हे तिला माहीत होतं. अनिताचं ते बोलणं तिने पुढे फक्त गीताबाईंना सांगितलं.

पुढे भाऊबीजेला कुंडलिक एकटा खर्डीला जायचा आणि येऊन सांगायचा, चालायला लागली, शाळेत घातली, पहिली आली. रंभा ऐकून घ्यायची. खर्डीत तिच्या मामेबहिणीचं लग्न झालं, कुणाचं बारसं झालं, त्या निमित्ताने ती तिथे गेलीही. अनिताच्या गल्लीच्या तोंडावरून गेली आणि तशीच परत आली. पोर रुळली, हे तिला कुणी सांगितलं नाही. आणि रुळली का, असं विचारायचं तरी कसं. तो दिवस कधीतरी येऊन गेला असावा, एवढंच.

स्नेहलला आठवीत असताना शेजारच्या बाईकडून कळलं. तिने घरी येऊन अनिताला विचारलं आणि अनिताने हो म्हटलं. त्यानंतर लग्नाकार्यात ती आणि रंभा भेटायच्या. "मामी, बऱ्या हाव ना?" "बरी हाय. अभ्यास?" "चाललाय." एवढंच.

आता ती रोज चार तास समोर बसत होती. रंभा आयुष्यात पहिल्यांदा कामावर लवकर यायला लागली.

ओराने मुलगी दिली ते प्रकरण गुरुवारी आलं.

नवरा गेल्यावर ओरा कॅम्पातच स्वयंपाकाला राहिली. पदरी तीन मुलं. थंडी अशी की रात्री भिंतीचे खिळे आतून पांढरे व्हायचे. नदीच्या खालच्या अंगाला गिरणीचं गाव होतं. तिथे टेबिथा नावाची मूलबाळ नसलेली विधवा कपडे शिवायची. ती कॅम्पावर शर्ट पोचवायला आली आणि ओराची धाकटी, नेल, तिच्या मांडीवर झोपली. झोपलेली पोर उचलून ओराने टेबिथाच्या बर्फावरच्या घसरगाडीत ठेवली. शालीचं टोक खोचलं आणि म्हणाली, जागी व्हायच्या आत जा.

पत्र्यावर वारा वाजत होता. स्नेहलने पुस्तक मिटलं नाही, पण पुढे वाचलंही नाही.

"टोपली," सारिका पटकन बोलून गेली. "दोन पोरं ठेवलीन ना? मंग तिसरी काय जड झाली? पोरगी म्हनून दिलीन. माझा नवरा तर..." आणि तिला एकदम आठवलं आपण कुठे बसलोय. ती भेंडी मोजू लागली, जी कुणी कधी मोजत नसे.

"तू गप," गीताबाई म्हणाल्या. "ती थंडी बघितलीस का? पोर मेली असती तिथं."

"बाकीची दोन नाय मेली ती," चिमी म्हणाली. तिला कुणाची भीड नव्हती. "पन मी तिला टोपलीत नाय टाकत. आमच्या वाडीवर अशी दिलेली पोरं हायती. चांगली हायती. द्यायला पन जीव लागतो."

"मंग विमानात टाकतेस?"

"विमानात पन नाय."

"वाशी?"

"वाशीला काय, कोनी पन जातं," चिमी म्हणाली आणि त्यावर सगळ्या हसल्या. हसून मोकळं व्हायला त्यांना काहीतरी हवंच होतं.

स्नेहल हसली नाही. ती रंभाकडे बघत होती. "मामी, तुम्ही काय म्हणता? तुम्ही समोर बसलाय. शंकेचा माल तुमच्याकडे."

रंभाच्या लक्षात आलं की या पोरीने हे पुस्तक आधी वाचलेलं आहे. ती पहिल्यांदा वाचत नाहीये. हे पान येणार हे तिला माहीत होतं आणि तरी तिने ते मोठ्याने वाचलं, खुर्ची न हलवता, आवाज न बदलता.

"अजून पुस्तक संपलं कुठं," रंभा म्हणाली. "पुरतं वाच. मंग बघू."

घरी जाताना टेंपोत गीताबाई तिच्या शेजारी सरकल्या. "काय म्हनंल गो ती?"

"कोन?"

"रंभे, मला येडी समजू नको. तिच्या कॉलेजात बोलायचं हाय ना तिला. चांगलं कोन, वाईट कोन. मार्क हायत त्याला."

रंभा बाहेर बघत राहिली. काल स्नेहलने सांगितलं होतं. सोनाली मॅडमनी वर्गाला काम दिलं होतं: कादंबरीतलं एक पात्र आदराला पात्र का आणि एक तिरस्काराला पात्र का, ते सर्वांसमोर दहा मिनिटं बोलून पटवायचं. मॅडमनी वर बजावलं होतं, खलनायक निवडायचा नाही. तो लेखकाने आधीच निवडून ठेवलाय. म्हणजे एमेट बाद. मग उरलं कोण?

"ती मला काय समजते, मला म्हाईत नाय, मावशी," रंभा म्हणाली. "एवढ्या वर्सात कधी कळलं नाय. आता त्या बाईच्या नावानं तरी कळंल."

गीताबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढच्या थांब्यापर्यंत काढला नाही.

पुढचे दिवस शेड त्या गोष्टीने पेटलेली होती. शुक्रवारी नेलला शाळेत चिडवलं गेलं आणि सारिकाने त्या मास्तराला वाशीला पाठवलं. शनिवारी टेबिथाच्या दुकानाला आग लागली. त्या दिवशी साईनाथ शेठ वजन करायचं विसरला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला आणि शेठ ओरडला, "थांब रे, पोरगी आत हाय अजून." सोमवारी चिमी वाडीवरून दोन बायकांना घेऊन आली. काम नको, नुसतं ऐकायला. त्या भिंतीला टेकून बसल्या. मधलं सगळं त्यांना चिमीने वाटेत सांगितलं होतं, पण तिच्या सांगण्यात नदीला वाघ होता. तो कधी येणार, याची त्या वाट बघत राहिल्या.

टेबिथाबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. नेलने एक दिवस तिला विचारलं, मी तुझी का? टेबिथाने सुई बाजूला ठेवली आणि खरं ते सांगितलं. नाव सांगितलं, कॅम्प सांगितला, नदीचा कुठला वळसा ते सांगितलं. "विमान," गीताबाई म्हणाल्या. टेबलावरून एकामागून एक 'विमान, विमान' असा आवाज फिरला. रंभानेही म्हटलं.

शेवटचं प्रकरण मंगळवारी. नेल आता मोठी झालेली, शिक्षिका. म्हाताऱ्या टेबिथाला घेऊन ती बोटीने डॉक्टरकडे चाललीये. बोट जळणासाठी कॅम्पाच्या धक्क्याला लागते. काठावर एक बाई बोटीवरच्या लोकांना पाव विकतेय. नेल तिला ओळखते. बोट तासभर थांबते. नेल बाकावर बसून राहते. बोट सुटते. कादंबरी संपते.

कुणाला पटेना.

"संपली?"

"संपली."

"उतरली नाय?"

"नाही."

"अगो पन तासभर व्हती ना बोट!" सारिकाने हातमोजा काढून टेबलावर आपटला. "एवढी शिकली, मास्तरीन झाली, आनि आई समोर पाव विकते तर चार पावलं उतरवली नाय? टोपलीत टाका तिला. सगळ्यात खाली टाका."

"पाव तरी घ्यायचा इकत," भिंतीपाशी बसलेली वाडीवरची बाई म्हणाली.

"मी पहिल्यापासनं सांगत व्हती," गीताबाईंचा आवाज चढला होता. "ती पोर घमेंडी हाय. देनारीनं दिलं ते तिच्या भल्यासाठी. हिला साधं उठवलं नाय. माझी असती तर..."

"तुजी नाय ती," चिमी म्हणाली.

"असती तर म्हनते मी."

"टोपली," सारिका म्हणाली. "लिही गो स्नेहल. वाईट कोन, तर नेल."

सगळ्या एकदम बोलत होत्या. स्नेहलचा चेहरा उतरत गेला, हे त्यांना दिसलं नाही. आपण कुणाला बोलतोय, हेही त्या जोशात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"नेलला कोन टोपलीत टाकायचं नाय," रंभा म्हणाली.

ती जोरात बोलली नव्हती. पण ती बोलली हीच इतकी नवी गोष्ट होती की टेबल थांबलं.

"बोटीत तिच्या बाजूला कोन बसलंय?"

"टेबिथा," स्नेहल म्हणाली.

"कशी?"

"आजारी. म्हातारी."

"मंग. जिनं तिचे ताप काढले, शाळा केली, तिला तिथं बसवून हिनं उठून जायचं? त्या म्हातारीच्या डोळ्यांसमोर? आनि परत येऊन बसायचं तिच्या बाजूला? काय वाटलं असतं तिला?" रंभाने हातातली भेंडी विमानाच्या खोक्यात ठेवली. "नाय उतरली ते बरं केलंन. त्या काठावरच्या बाईला पन ते कळलं असंल. नसंल कळलं तर ती आई कसली."

आपण कुणाला बोलत होतो ते आता प्रत्येकीला कळलं होतं. सारिकाने हातमोजा पुन्हा चढवला.

स्नेहल खुर्चीवरून उठली, टेबलाजवळ आली आणि रंभाच्या क्रेटमधून मूठभर भेंडी घेऊन निवडायला लागली. मग शेडमधून निघता निघता सगळ्यांना उद्देशून म्हणाली, "मॅडमना मी तुमच्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, शुक्रवारी भाषणं आहेत, त्यांना घेऊन ये. ज्यांनी पुस्तक ऐकलंय ते सगळे या."

शुक्रवारी शेठने टेंपो दिला. वर म्हणाला, चार वाजता गाडी भरायचीय, तेव्हा निकाल लागो न लागो, मागं फिरायचं. स्वतःही येणार होता. शेवटच्या क्षणी माल आला म्हणून राहिला आणि तसा चरफडलाही. "मला फोनवर सांगा कोन टोपलीत गेलं ते."

बायका लग्नाला निघाल्यासारख्या नटल्या होत्या. चिमीने अबोलीचा गजरा आणला होता. कॉलेजच्या फाटकाशी पहारेकऱ्याने विचारलं, "कुठं?" गीताबाई म्हणाल्या, "पुस्तकाचं हाय आमचं," आणि न थांबता आत गेल्या.

दालनात पहिल्या बाकावर अनिता बसलेली होती. स्नेहलने तिलाही बोलावलं होतं. केस पांढरे झालेले, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. रंभाला बघून ती उठली आणि बाजूला सरकली. "या, वहिनी." रंभा तिच्याशेजारी बसली. गीताबाई रंभाच्या पलीकडे.

"स्नेहल म्हनते तुमीच तिची सगळी भेंडी काढता," अनिता म्हणाली.

"सगळ्या मिळून काढतो, ताई."

"तिथं तुमी हाव म्हनूनच मी पाठवली तिला."

रंभाने पदर नीट केला आणि समोर बघत बसली.

स्नेहलचं नाव पुकारलं. तिने आकाशी कुर्ता घातला होता. हातात कागद नव्हता.

"मला आदर वाटतो तो टेबिथाचा," तिने सुरुवात केली. ती कॉलेजच्या भाषेत बोलत होती, पण घाईत नव्हती. टेबिथा गरीब होती, एकटी होती, नेल गमावण्याची भीती तिला सगळ्यात जास्त होती. तरी मुलीने विचारलं तेव्हा तिने खोटं सांगितलं नाही, काही लपवलं नाही. "ज्याला गमावण्याची भीती आहे त्याने खरं बोलणं, याला मी सगळ्यात मोठं मानते." मागच्या बाकांवरून सारिका हळूच 'विमान' म्हणाली. दोन-तीन मुली वळून बघायला लागल्या. अनिताची नजर पर्सवर होती.

"आणि तिरस्कार." स्नेहल थांबली. "आमच्या शेडमधल्या बायकांनी नेलला दोषी ठरवलं होतं. एका बाईंनी तिला सोडवलं. त्यांचं म्हणणं मला पटलं. म्हणून नेल नाही. मी ओराला निवडते."

रंभा हलली नाही.

"ओराने मुलगी दिली म्हणून नाही. ते मी समजू शकते. कदाचित मीही तेच केलं असतं. पण गिरणीचं गाव कॅम्पापासून होडीने अर्ध्या दिवसावर आहे. मुलगी दिल्यानंतर ओरा त्या गावात येते. पीठ न्यायला येते, दाढ काढायला येते, एका लग्नाला येते. कादंबरीत हे सगळं एकेका ओळीत आहे. दर वेळी ती टेबिथाच्या दुकानावरून जाते. आत जात नाही. दारात उभी राहत नाही. लेखक यावर काहीच म्हणत नाही. मला वाटतं लेखकाला ते दिसलंच नाही." तिने ओठ ओले केले. "मला दिसलं. त्या दुकानाच्या पायरीवर एक लहान मुलगी बसलेली असणार. तिलाही दिसलं असणार. दिलं, ते सोसता येतं. समोरून जाऊन न बघणं मला माफ करता येत नाही."

टाळ्या वाजल्या. मुलांना भाषण आवडलं होतं. सोनाली मॅडम काहीतरी लिहून घेत होत्या. "छान. मजकुराला धरून. कुणाला प्रश्न?"

गीताबाई उठायला लागल्या. रंभाने त्यांचं मनगट धरलं.

"सोड गो. मी सांगते तिला."

"नका सांगू."

"अगो पन तू..."

"बसा, मावशी." रंभा कुजबुजली. "ताई बाजूला बसल्यात."

गीताबाई बसल्या. तेवढ्यात अनिता उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. तिने बाकाची कड धरली होती आणि पर्स खाली पडली होती.

"त्या बाईला कोनी तरी येऊ नको म्हनून सांगितलं असंल," ती म्हणाली.

स्नेहल गोंधळली. "पुस्तकात तसं कुठे नाहीये, आई."

"पुस्तकात नसंल."

दालनात कुणी तरी खोकलं. अनिता तशीच उभी होती.

"टेबिथानंच सांगितलं असंल. पोर आपली व्हईपर्यंत येऊ नको म्हनून. आनि मंग पोर आपली झाली तरी ये म्हनून सांगायचं राहिलं असंल. भीतीनं. ती दुसरी बाई बिचारी, ये म्हनायची वाट बघत राहिली असंल." तिने बाकाची कड सोडली. "तू बोललीस ना, काय लपवलं नाय म्हनून. लपवलं असंल. एवढंच."

ती बसली. रंभाने वाकून खाली पडलेली पर्स उचलली आणि तिच्या मांडीवर ठेवली. स्नेहल एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

सोनाली मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. "चांगली शक्यता आहे," त्या म्हणाल्या, "पण मजकुराबाहेरची. परीक्षेत असं लिहिता येणार नाही. ओमकार, तुझा नंबर."

ओमकारने बोटीच्या कप्तानाबद्दल दहा मिनिटं भाषण केलं. बायकांना तो कप्तान आठवतही नव्हता. रंभाने ते सगळं शेवटपर्यंत नीट ऐकलं आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवलं होतं. शेठचे दोन फोन येऊन गेले होते. चिमी आणि सारिका आधीच टेंपोत चढून काय झालं ते एकमेकींना सांगत होत्या, दोघींनी तेच बघितलेलं असून. गीताबाई डोळे पुसत म्हणत होत्या की मॅडमला काय कळत नाय.

अनिता पायऱ्या उतरून टेंपोजवळ आली. तिच्यामागे स्नेहल, खांद्याला पिशवी, कुणाकडे न बघणारी.

"वहिनी," अनिता म्हणाली, "घरी चला. आता. खर्डीला."

"गाडी भरायची हाय, ताई. शेठ ओरडंल." रंभाने साडी सावरली. "रविवारी येते."

"मी स्नेहलला धाडते ना फाट्यावर. गल्ली आत हाय, घर सापडायचं नाय तुमाला."

"सापडंल," रंभा म्हणाली. "रस्ता म्हाईत हाय मला."

तिने पाय वर टाकला, चिमीने आतून हात दिला आणि ती चढली. स्नेहल पुढे झाली. तिने दोन्ही हातांनी टेंपोचा मागचा फाळका वर ढकलला आणि दोन्ही बाजूंच्या कड्या घातल्या. गाडी हलली तरी तिचा एक हात फाळक्यावरच होता. चार पावलं ती तशीच बरोबर चालली.

"सकाळी या," ती म्हणाली. "जेवायलाच."